ओब्दुलियामावशीचा बारावा टेक

आमच्या लोउरेदा गावावर सिनेमा निघाला त्या वर्षी सगळ्यांनी केस रंगवले. माझ्या नवऱ्याने तर मिशीसुद्धा. सिनेमा होता एलाडियो तोर्रादोवर. हा आमच्याच खाडीतला. वीस वर्षांपूर्वी याची चोरट्या सिगारेटची खोकी समुद्रातून यायची आणि ती उतरवायला अख्खं गाव धक्क्यावर असायचं. सिगारेटच हो, दुसरं काही नाही! नंतरच्या पोरांनी जी घाण आणली तिचं नाव माझ्या खानावळीत काढायचं नाही.

माद्रिदहून दिग्दर्शक आला, ब्रुनो नावाचा. माणूस भला, पण सतत घाईत. माझ्या खानावळीत ऑक्टोपस खाता खाता त्याने समोरच्या टेबलावर ओब्दुलियामावशीला पाहिलं आणि काटा खालीच ठेवला. म्हणाला, "हाच चेहरा पाहिजे मला!"

मावशी सगळ्या गावाची, वय त्र्याहत्तर. पन्नास वर्षं ओहोटीच्या चिखलात वाकून शिंपले काढलेले, त्यामुळे गुडघे गेले. जीभ मात्र शाबूत. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, तो केव्हाच वारला. मूलबाळ नाही. जगात रक्ताचं माणूस एकच, थोरली बहीण फेलिसा. ती चोविसाव्या वर्षी बोटीत बसून ब्युनोस आयर्सला गेली ती गेलीच. त्रेपन्न वर्षं दोघींची गाठ नाही. तेव्हा फोनवर चेहरे कुठे दिसायचे! मावशी फोटो पाठवायची, तर फेलिसा म्हणायची, "फोटोत सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतात गं. तुला हलताना-बोलताना बघायचंय मला."

सिनेमात निम्मा पैसा ब्युनोस आयर्सच्या लोकांचा होता, म्हणजे तो तिकडेही लागणार होता. हे कळल्यावर मावशीने माझ्याच फोनवरून बहिणीला सांगून टाकलं, "फेलिसा, मी येतेय. थिएटरात पुढच्या रांगेत बस."

काम एवढंस्सं. गस्तीचे शिपाई अंगणात येतात, विचारतात, "आजी, माल कुठे आहे?" मावशीने दगडी खांबांवरच्या मक्याच्या कोठीकडे हात करायचा आणि म्हणायचं, "तिथे, कोठीत." बास. मग एलाडियो पकडला जातो.

सकाळी अंगणात कॅमेरा लागला. सहा शिपाई आले. सगळे नट, माद्रिदची गोरी गोमटी पोरं.

"आजी, माल कुठे आहे?"

"कसला माल, बाळा?" मावशी म्हणाली.

कट! ब्रुनोने समजावलं. पुन्हा.

"आजी, माल कुठे आहे?"

"कोण विचारतंय?"

कट! तिसऱ्या वेळी तिने त्या पोरालाच विचारलं, "तू जेवलास का रे?" चौथ्या वेळी, "माझे डोळे कुठे धड आहेत?" आता यात तिचा काय दोष? आमच्याकडे शिपायाने देवळाचा रस्ता विचारला तरी लोक म्हणतात, "का, कुणाचं लग्न आहे का?" प्रश्नाला प्रश्न, हे आईच्या दुधातूनच येतं. एलाडियोच्या काळात तर त्यावरच गाव तरलं.

अकरा टेक झाले. ब्रुनोच्या कपाळावरची शीर उडायला लागली. तो म्हणाला, "आणखी एकदाच. नाही जमलं तर उद्या ला कोरुन्या शहरातून दुसरी बाई बोलावतो."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला बाजूला ओढलं. "अगं मावशी, नट आहेत ते! तो मधला टूथपेस्टच्या जाहिरातीत असतो!"

"टोपी खरी आहे," ती म्हणाली.

"असू दे की!"

"दोसिंदा, मला बोलवतच नाही गं. हात उचलते तर जड होतो." तिचे डोळे भरले. "फेलिसा पुढच्या रांगेत बसणार आहे."

मी तिचा ॲप्रन नीट केला आणि पाठीवर हात ठेवून तिला परत पाठवलं.

बारावा टेक. "आजी, माल कुठे आहे?"

मावशीने हनुवटी वर केली. मग तिचा हात हळूहळू वर आला, आणि कोठीकडे न जाता सरळ समुद्राकडे गेला! "तिकडे. बांधाखालून नेला आत्ताच. पळा, सापडेल!"

आणि ती शहाणी पोरं पळाली की हो! कट कुणी म्हटलंच नव्हतं ना. ओहोटीची वेळ. सहाच्या सहा गुडघाभर चिखलात रुतले, जाहिरातवाल्याचा बूट आतच राहिला. तिथे शिंपले काढणाऱ्या बायका एवढ्या हसल्या की एकीचा दात पडला, खोटा होता म्हणून बरं. ब्रुनो जाळ्यांच्या ढिगावर बसून पोट धरून हसत होता.

डोळे पुसून झाल्यावर त्याला भान आलं. "पण मग एलाडियो पकडला कसा जाणार?"

"ला कोरुन्यात, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत," माझा नवरा म्हणाला. "तोंडात कापूस होता, पळणार कसा?"

"हे खरं आहे? मग मला सांगितलं का नाही? मी महिनाभर एकेकाला विचारत फिरलो!"

"तुम्हाला कशाला हवं होतं?" नवऱ्याने विचारलं.

ब्रुनोने डोक्याला हात लावला, आणि त्याच दुपारी गोष्ट बदलली. मावशीचा बारावा टेक जसाच्या तसा राहिला.

वर्षभराने सिनेमा ब्युनोस आयर्सला लागला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खानावळ गच्च भरलेली असताना फोन वाजला. मी मावशीला हाक मारली. फेलिसा एवढ्या मोठ्याने बोलत होती की सगळ्या टेबलांवर ऐकू गेलं.

"ए कार्टे! त्या शिपायासमोर हनुवटी वर केलीस ना, तशी मी थिएटरात उभी राहून ओरडले, खोटं बोलतेय, खोटं बोलतेय! लोक मला गप्प करत होते. आईची मधाची बरणी फोडलीस तेव्हा अश्शीच उभी होतीस. काही बदलली नाहीस गं, काही म्हणजे काही नाही!" आणि पलीकडे ती रडायला लागली.

मावशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती तोंडभर हसत होती.

"बरणी मी नव्हती फोडली," ती म्हणाली, आणि तिची हनुवटी वर गेली.