पांदणीत अडवलेला टेम्पो

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या टाचेत सुई घुसली, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे. घरची मेंढरं जाऊबाई राखतात, मी शेत आणि घर बघते. त्या दिवशी त्या गावामागच्या ओढ्यात मेंढरांना पाणी पाजायला उतरल्या आणि चपलेतून आरपार सुई गेली. इंजेक्शनची. मी जाऊन पाहिलं तर काठाखाली पोतीच पोती टाकलेली. फुटक्या बाटल्या, सलाइनच्या नळ्या, रक्ताळलेला कापूस. आमच्या गावात साधा दवाखानासुद्धा नाही.

हिंगोलीला त्यांचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता ठीक आहे, पण काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागेल. ते महिने जाऊबाईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. लेकीचं बाळ मांडीवर घ्यायलाही त्या भ्यायच्या. "माझ्या अंगात काही असलं तर लेकराला लागंल," म्हणायच्या. शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच बसून रडल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता त्याला धरायचं."

आम्ही तहसील कचेरीत तक्रार केली. तहसीलदार साहेब वाईट बोलले नाहीत. "कोण टाकतंय ते दाखवा, मी लगेच माणसं पाठवतो," एवढंच म्हणाले.

हळद शिजवून वाळत घातली की चोरीच्या भीतीनं आमचे मालक शेतात कॅमेरा लावतात. तो सोलरवर चालतो, आत सिमकार्ड असतं, समोर काही हललं की मोबाइल वाजतो. हळद मोंढ्यावर विकायला गेली होती, कॅमेरा नुसताच पडून होता. तो आम्ही ओढ्याकाठच्या बाभळीवर बांधला.

सुरुवातीला मोबाइलनं जीव खाल्ला. मुंगूस, मोर, आमचीच मेंढरं. एकदा तर गावातले एक मोठे असामी डबा घेऊन येताना दिसले. मी झटकन मोबाइल उलटा ठेवला. पण जाऊबाईंच्या पोटात ते राहिलं नाही, आणि त्यानंतर ओढ्याकडे डबा घेऊन कुणी फिरकलं नाही.

मग बाजाराचा दिवस आला. मी हिंगोलीत मिरच्या निवडत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. पाहते तर पांढरा टेम्पो ओढ्याला पाठ करून उभा. दोन माणसं पोती खाली ढकलत होती. नंबर स्पष्ट दिसत होता. बाजाराच्या दिवशी शिवारात कुणी नसतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आधी व्हिडिओ जपून ठेवला, मग सोबतच्या मालकांना सांगितलं, त्यांनी पोलिसांना फोन लावला. मी जाऊबाईंना; त्या मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडच्या माळावर होत्या.

"अक्का, आलेत ते! ओढ्यात हायत!"

"येऊ दे. जातील कुठून?" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ओढ्यापासून डांबरी रस्त्याला यायला एकच पांदण आहे, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण. जाऊबाईंनी सगळा कळप त्या पांदणीत घातला आणि मधोमध काठी टेकवून उभ्या राहिल्या. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिले.

"ओ मावशी, मेंढरं बाजूला घ्या की!"

"घेऊनच राहिले न बाबा. त्यायला हॉर्न कळत न्हाई."

"काहून तकलीफ देऊन राहिल्या? आमाला घाई हाय!"

"मला न्हाई," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही जीप करून पोचलो तेव्हा टेम्पो लोकरीच्या पुरात रुतल्यासारखा उभा होता आणि निम्मं गाव कुंपणाला लागलं होतं. थोड्याच वेळात पोलीस आले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आमी नुसती गाडी वळवायला आलतो." मी मोबाइल पुढे धरला. पोती पडताना त्यानं स्वतःच पाहिली आणि मान खाली घातली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. जाऊबाईंनी चप्पल काढून टाच तेवढी दाखवली. "ही तुमची सुई," म्हणाल्या. मग मेंढरांना हाळी देऊन पांदण मोकळी केली, टेम्पो पोलिसांबरोबर जाण्यापुरती.

शहरातल्या एका खाजगी दवाखान्याचा कचरा नेणारा ठेकेदार त्यामागे होता. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तहसीलदार साहेब माणसं पाठवणार होते, ते स्वतःच आले आणि ठेकेदाराच्या माणसांकडून, हातमोजे घालून, सगळा ओढा साफ करून घेतला. संध्याकाळपर्यंत गाव काठावर बसून होतं. शेवटचं पोतं वर आलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला कारण नसताना हसू फुटलं आणि ते थांबेचना.

आता शेजारच्या गावांनीही आपापल्या ओढ्यांवर कॅमेरे बांधलेत. कसे लावायचे ते विचारायला लोक माझ्याकडे येतात, पण चहा होईपर्यंत ऐकतात ते जाऊबाईंचंच. त्यांच्या तोंडी टेम्पोचा आता ट्रक झालाय आणि कळप दुप्पट. मी मधे बोलत नाही.