साहेबांचा स्कॉटलंड

साहेब कुठलंही काम सुरू करण्याआधी ते कसं संपेल हे लिहून काढत. गळका नळ असो नाहीतर बायकोचा, म्हणजे वहिनींचा, वाढदिवस. कागदावर ओळी, ओळीपुढे कोण करणार त्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात 'झालं' किंवा 'बाकी'. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये ते शटडाऊनचे इंजिनिअर होते. प्लांट बंद करून दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करायचा, हे त्यांचं काम. "एक ओळ बाकी असताना चालू केलं तर माणसं मरतात, शैलाबाई," असं ते मला पोळी वाढून घेताना सांगत.

मी रोह्याकडची. नवरा गेल्यावर त्यांच्या घरी स्वयंपाकाला आले. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, साहेबांच्या नावावर; म्हणून तेच माझे कफील, जामीन राहणारे मालक. दुसऱ्या बायकांचे पासपोर्ट दाबून ठेवणाऱ्या कफीलांच्या गोष्टी मी ऐकून होते. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुमच्या कपाटात ठेवा. किल्ली कुठे ठेवता ते मला सांगू नका." नऊ वर्षं ते मला अहो-जाहो करत आले. मी चौथी शिकलेली. मला त्यानेच अवघडल्यासारखं व्हायचं.

स्कॉटलंड वहिनींनी काढलं. त्या नाशिकच्या, मूलबाळ नाही, आणि लग्नानंतरची चोवीस वर्षं वाळूत गेलेली. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "मला एकदा पाण्याकाठी उघड्यावर बसून चहा प्यायचाय. घाम न पुसता." साहेबांनी ते लिहून घेतलं. हॉटेल वहिनींना नको होतं. परक्या गादीवर त्यांना झोप येत नसे आणि सकाळचा चहा स्वतःच्या हातचाच लागे. मग साहेबांनी शोधून काढलं, की तिकडे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर भाड्याने मिळतं. कॅरॅव्हॅन. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. दिवसा फिरायचं आणि संध्याकाळी तळ्याकाठी उभं करायचं.

दर शुक्रवारी जेवण झालं की टेबल पुसायचं आणि नकाशा पसरायचा. पाणी कुठे भरायचं, सिलिंडर कुठे बदलायचा, कुठला रस्ता इतका अरुंद आहे की समोरून गाडी आल्यावर कडेच्या जागेत थांबावं लागेल, सगळं साहेब वाचून दाखवत. मे महिना ठरला होता, कारण पुढे तिथे चावऱ्या चिलटांचे थवे येतात.

"संडासाचा डबा कोण रिकामा करणार ते आधी लिहा," वहिनी म्हणाल्या.

"माझंच नाव आहे. ओळ सतरा."

"मग ते फ्रेम करून भिंतीवर लावा. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव घरकामात आलं."

शेवटी साहेब प्रत्येकाला विचारत, तुमच्याकडून काही बाकी? प्लांट चालू करण्याआधी तसंच विचारतात म्हणे. मला बरोबर जायचं नव्हतं, तेवढे दिवस मी गावी जाणार होते. पण भाजणी, मेतकूट आणि कोरड्या चटण्या माझ्याकडे होत्या, म्हणून मलाही विचारत. मी म्हणे, "काही नाही, साहेब."

काही ना काही मात्र बाकी राहायचंच. पहिल्या वर्षी साहेबांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि सगळी सुट्टी नाशिकच्या दवाखान्यात गेली. दुसऱ्या वर्षी पुतण्याचं लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी प्लांटचाच शटडाऊन मे महिन्यात आला. आखातातल्या प्रत्येक घराची सुट्टी अशीच गावाकडे जाते. चौथ्या वर्षी कोणी आजारी नव्हतं, कोणाचं लग्न नव्हतं. पण साहेबांना गाडीमागे घर जोडून उलटं चालवायचा सराव नव्हता. ती ओळ बाकी होती, म्हणून तेही वर्ष गेलं.

वहिनी तेव्हा नकाशाची घडी घालून आत गेल्या.

मग साहेबांनी ओळखीच्या एका केरळी माणसाकडून बोट वाहायची ट्रॉली मागून आणली. शुक्रवारी सकाळी मोकळ्या मैदानात खजुराचे रिकामे खोके मांडून ती मागे घ्यायची. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, हे त्यांच्या हाताला पटेना. मी खोक्यांजवळ उभी. खोका चेपला जातोय हे दिसत असूनही माझ्या तोंडून आवाज निघायचा नाही.

"शैलाबाई, ओरडा की. तुम्ही लाजलात तर मी तळ्यात जाईन."

"ती काय ओरडणार," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. "तिच्या पायावरून गाडी गेली तरी ती सॉरी म्हणेल."

पाचव्या वर्षी मेच्या आधीच सगळ्या ओळी 'झालं' झाल्या. तिकिटं काढली, व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन दोघं आले. त्याच आठवड्यात वहिनी कपड्यांची घडी घेऊन वर जात होत्या आणि जिन्यातच बसल्या. कपाळावर घाम, डावा खांदा हाताने दाबून धरलेला. मी पाणी आणलं. साहेबांना फोन लावते म्हणाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ह्यांना सांगायचं नाही. सांगितलंस तर यादीत एक ओळ वाढेल आणि एक वर्ष जाईल. तिकडून आल्यावर मी स्वतः दाखवीन डॉक्टरला."

असं त्यानंतर दोनदा झालं. त्यानंतरच्या शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "शैलाबाई, तुमच्याकडून काही बाकी?" वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, या बाईने चार वर्षं वाट पाहिली आहे. मी म्हणाले, "काही नाही, साहेब."

पासपोर्ट व्हिसा होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गच्चीत लोकरी कपड्यांना ऊन दाखवत होत्या. मी वर गेले तेव्हा त्या स्वेटरांवर पडल्या होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत खलास झालं होतं.

डॉक्टर हैदराबादचे होते. त्यांनी हिंदीत विचारलं, आधी कधी छातीत, खांद्यात दुखलं होतं का. साहेब म्हणाले, "नहीं. होता तो मुझे मालूम होता." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कधी काही बोलली होती?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

वहिनींना नाशिकला न्यायच्या कागदांत आठ दिवस गेले. साहेबांनी त्याचीही यादी केली आणि एकेका ओळीपुढे 'झालं' लिहीत गेले. चार महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतायचा शिक्का, घेतली, आणि त्यांच्याबरोबर माझीही झाली. मुंबईच्या विमानतळावर मला रोह्याच्या गाडीत बसवून देताना म्हणाले, "चौथ्या वर्षी जायला हवं होतं. सरावाचं निमित्त माझंच."

आता ते नाशिकला एकटेच असतात. दर रविवारी सकाळी फोन करतात. नीट शिजला तर वरणभात, नाहीतर दूध-पोळी खाल्ली, असं सांगतात. मग त्यांचं ठरलेलं बोलणं येतं.

"एक मात्र आहे, शैलाबाई. तिने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही. शेवटपर्यंत ठणठणीत होती, हसत होती. तुम्ही तर दिवसभर तिच्याजवळ असायचात. खरं ना?"

जिन्यातलं आज सांगायचंच असं कितीदा ठरवून मी फोन उचलते. मग म्हणते, "खरं, साहेब." आणि ते बरं म्हणून फोन ठेवतात.