आमच्या स्लॅबवरचा बूस्टर

बाबांची तेरवी अजून व्हायची होती. साखरखेर्ड्याकडच्या आमच्या गावी, ओसरीत भेटीला आलेली माणसं बसली होती. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांना सगळे गुरुजी म्हणत, आणि जो तो त्यांच्या सरळपणाची एखादी आठवण सांगत होता. तेवढ्यात माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून दूरसंचार खात्याचे दोन कर्मचारी गल्लीतून आले आणि आमच्याच दारात थांबले.

“स्लॅबवर बूस्टर आहे का?” त्यांतल्या वयस्कानं विचारलं.

होता. आमचं घर खोलगट जागी, आत मोबाईलला रेंज येत नसे. आई गेल्यावर बाबा इथे एकटे आणि मी पुण्यात. बाबांनी बाजारातून रेंज वाढवणारा तो डबा आणून बसवल्यापासून संध्याकाळी फोनवर त्यांचा आवाज शेजारी बसल्यासारखा ऐकू येई.

कर्मचाऱ्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक कंपनीला हवेतल्या लहरींची आपापली पट्टी ठरवून दिलेली असते. फोर-जी, फाइव्ह-जी शेजारी शेजारी चालतात; एकाचा आवाज दुसऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये थोडी जागा मोकळी सोडतात. मंजूर यंत्र आपल्यापुरती पट्टी घेतं, बाकीचं गाळून टाकतं. हा बिनपरवान्याचा डबा मात्र सगळंच सरसकट मोठं करतो. मग टॉवरला त्या गोंगाटात इतरांचे फोन ऐकूच येत नाहीत.

“म्हंजे धुरा कोरला म्हना,” कोपऱ्यातले एक शेतकरी म्हणाले.

कोणी हसलं नाही. दुसऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, नांगरून आत घेणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. तसले कितीतरी तंटे बाबांनी याच ओसरीत मिटवले होते. मी सतरंजीकडे पाहत राहिले.

समोरच्या घरातल्या काकूही तिथेच होत्या. बरेच महिने त्यांच्या घरात फोन लागत नव्हता. सुरतेतल्या मुलाशी बोलायला त्या दुखरे गुडघे घेऊन शाळेमागची टेकडी चढत.

“गुरुजीले काय ठावं, बिचाऱ्याले,” त्या म्हणाल्या. “दुकानदारानं देलं, त्याहिनं बसवलं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. बाबांचं नाव राहिलं.

पण बाबांना ठाऊक होतं. मागे तपासणीवाले गावात आले तेव्हा त्यांनी डबा बंद करून ठेवला होता, आणि नंतर फोनवर मला तसं सांगितलंही होतं. ‘बरं केलंत,’ मी म्हटलं होतं.

डबा काढून नेला, माणसं उठली. संध्याकाळी काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या तेव्हा मला राहवलं नाही.

“काकू, बाबांना माहीत होतं. मलाही.”

त्यांनी ताट खाली ठेवलं. “मले का समजत नाही? तपासनीवाले होते तोवर माह्या घरात फोन लागे. ते गेले का बंद.”

“मग बाबांना कधी बोलला नाहीत?”

“बोलली ना. म्हने, त्याच्याबिगर लेकीचा आवाज येत नाही हो वहिनी. मंग काय बोलू?” त्या थांबल्या. “आता चार मानसांत मेलेल्या मानसाचं काऊन काढाचं? पन तुले तं समजाले पाह्यजे होतं. तू शिकलेली.”



“जेव,” म्हणून त्या गेल्या.

थोड्या वेळानं समोरच्या ओट्यावरून त्यांचा आवाज आला. “घरूनच बोलून राह्यली रे,” त्या मुलाला सांगत होत्या, “हाव, घरूनच.”

मी उठून दार लोटून घेतलं.