चष्मेवाल्याच्या घरचे थेंब

मोठ्या माणसांवर लिहायची माझी लायकी नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा माफ करा. कारंज्याच्या स्टँडसमोरचे चष्मेवाले काका गिऱ्हाइकाला आधी एसटीची पाटी वाचायला लावतात आणि चुकला की खूश होतात. त्यांच्याच मुलीचा नंबर मात्र दरवर्षी वाढत होता. डॉक्टरांनी थेंब दिले. मी भीतभीत सांगितलं, “काका, थेंबांनी आतल्या पडद्यात बदल होतात, म्हणून डोळा लांबट व्हायचा मंदावतो. तो लांबला की नंबर वाढतो.”

“थेंबानंच भागलं तं आमी काय वांगे विकावं बे?”

तरी रोज झोपताना शिव्या देत तिच्या डोळ्यांत थेंब काका स्वतःच टाकायचे. काल तिचे डोळे तपासायला अकोल्याला गेलेल्या काकूंचा फोन आला, यंदा नंबर वाढला नाही. काकांनी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, “घरचं गिऱ्हाईक गेलं रे बापा.”