घरात कोणी नाही

देश तयार होत होता. गेली तीस वर्षे होत होता. लग्नाला निघालेला नवरदेव आरशासमोर उभा राहून एकेक गुंडी लावतो, लावलेली पुन्हा सोडतो आणि बाहेर खोळंबलेल्यांना "आलोच" म्हणून सांगतो, तसा देश आरशासमोर उभा होता. तयारी पूर्ण झाली की तो एका स्त्रीला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडणार होता. घाई कसलीच नव्हती. फक्त दर निवडणुकीआधी कोणीतरी दारोदार जाऊन, तयारी कुठवर आली, एवढे विचारून यायचे.

हे विचारून येण्याचे पुण्यकर्म चौकटकाकूंच्या वाट्याला आले होते.

चौकटकाकू हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. जनमत-पाहणीच्या कार्यालयात अर्जावरच्या चौकटीत खूण करावी ती त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. खूण रेघेबाहेर गेली नाही, शाई फुटली नाही, प्रश्नातला काना इकडचा तिकडे झाला नाही. नव्या माणसांना कामाला लावताना जी पुस्तिका हाती देत, ती काकूंनीच लिहिलेली. ऊन असो, पायाला फोड असो, दारातले कुत्रे अंगावर येवो, काकू प्रश्न वाचणार तो जसाच्या तसा, सावकाश, जपमाळेचा मणी ओढावा इतक्या भक्तिभावाने: "आपला देश स्त्री राष्ट्राध्यक्ष निवडण्यास तयार आहे, असे आपणांस वाटते का?" मग उत्तर ऐकणार आणि खूण करणार. स्वतःचे मत? ते त्यांनी तीस वर्षांपूर्वी कार्यालयाच्या खुंटीला छत्रीबरोबर अडकवले होते. छत्री अधूनमधून घरी यायची.

उत्तरेही ठरलेली असायची. बनियन घातलेला कोणी दारात यायचा, प्रश्न ऐकून गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, "मी तयार आहे हो. माझं काही नाही. पण लोक तयार नाहीत ना."

काकू 'नाही'वर खूण करायच्या.

शेजारच्या दारातही तेच. "मी केव्हाचा तयार आहे. पण आपले लोक." वरच्या मजल्यावर तेच, पलीकडच्या गल्लीत तेच. सारे तयार, फक्त लोक तयार नाहीत. आणि हे जे लोक, ज्यांच्यामुळे एवढे मोठे राष्ट्र अडून राहिले, ते लोक काकूंना तीस वर्षांत एकाही दारात भेटले नाहीत. सज्जनहो, देव चराचरात असूनही दिसत नाही, हे आपण श्रद्धेने मानतो. या लोकांची योग्यता त्याहून तिळभरही कमी नसावी.

आता काकूंच्या पुस्तिकेतला सातवा नियम. दार उघडणाऱ्या व्यक्तीस नम्रपणे विचारावे, "घरात कोणी आहे का?" कोणी नाही असे उत्तर आल्यास अर्जाच्या तळाशी 'कोणी नाही' या शेवटच्या चौकटीत खूण करावी. अशा तीन फेऱ्या कराव्यात. तिन्ही वेळा कोणी नसल्यास ते घर सोडून द्यावे. फेऱ्यांची वेळ दहा ते पाच.

साधा, स्वच्छ, निर्मळ नियम. त्यात काही वावगे आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. काकूंच्याही नाही.

यंदा मात्र पाहणीला मोल आले होते. मोठ्या पक्षाच्या एक बाई उमेदवारीला उभ्या ठाकल्या होत्या. बाई तयार होत्या, त्यांचे भाषण तयार होते, पक्षातले त्यांचे विरोधकही तयार होते. देशाचे तेवढे कळायचे बाकी होते. शनिवारी पक्षाची समिती बसणार आणि पाहणीचा आकडा समोर ठेवून उमेदवारी द्यायची की नाही ते ठरवणार. अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात पोहोचायचे होते. काकूंची निवृत्तीही त्याच महिन्यात होती. साहेबांनी त्यांच्यासाठी प्रशस्तिपत्र छापून आणले होते, जाड कागदाचे, सोनेरी काठाचे: 'तीस वर्षांत ज्यांचा एकही अर्ज सदोष ठरला नाही.' ते एक वाक्य म्हणजे काकूंच्या आयुष्याची कमाई. बाकी पायांचे दुखणे.

मंगळवारी काकू रजेवर होत्या. त्यांचे यजमान, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेले चालक, केस कापायला न्हाव्याकडे गेले होते. डोक्यावर केस जेमतेम मूठभर, पण कापायला दोन तास लागत, कारण देशाचा कारभार त्या दुकानात चाले. काकू स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. बेल वाजली. हात पुशीत त्या दाराशी गेल्या.

दारात एक बाई उभी. वय पन्नाशीचे, खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला, हातात अर्जांचा गठ्ठा. पाहणीवाल्याने स्वतःची गल्ली करायची नाही, म्हणून इथे दुसऱ्या कार्यालयाचे माणूस येई.

"नमस्कार ताई," ती नम्रपणे म्हणाली. "सर्व्हेसाठी आलेय. घरात कोणी आहे का?"

"नाही हो," काकू तितक्याच नम्रपणे म्हणाल्या. "घरात कोणी नाही. दुपारनंतर या."

"बरं ताई." तिने अर्ज काढला, तळहातावर धरला आणि शेवटच्या चौकटीत खूण केली. नेटकी, रेघेच्या आत. काकूंना ती खूण दुरूनही आवडली. जाता जाता तिने मागे वळून "येते हं" म्हटले, काकूंनी "या हं" म्हटले.

दोन बायका एका उंबऱ्याशी समोरासमोर उभ्या होत्या, बोलल्या, हसल्या, आणि दोघींच्याही मते घरात कोणी नव्हते.

काकूंनी दार लावले आणि हात कडीवरच राहिला.

यजमान आले तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर स्वतःच्या अर्जांची पिशवी रिकामी केलेली.

"कोणी आलं होतं का गं?"

"सर्व्हेवाली."

"मग काय सांगितलंस?"

"घरात कोणी नाही म्हणून."

"बरोबर आहे. मी कुठे होतो घरात."

काकूंनी वर पाहिले. "आणि मी कुठे होते?"

"तू होतीस की. नाहीतर दार कोणी उघडलं?" यजमान मानेवरचे केस झटकत म्हणाले आणि म्हणता म्हणता थांबले. बस चालवणाऱ्या माणसाला पुढचा खड्डा जरा आधी दिसतो. "किती आहेत असले?"

"एकशे त्रेचाळीस. नुसते यंदाचे."

एकशे त्रेचाळीस घरे, आणि काकूंना त्यांतल्या प्रत्येक घरातले 'कोणी नाही' डोळ्यांसमोर दिसू लागले. ओल्या हातांचे कोणी नाही. कडेवर मूल घेतलेले कोणी नाही. एका दारात चष्मा हातात धरून उभ्या होत्या त्या कॉलेजच्या प्राचार्या, हाताखाली बाराशे मुले, चाळीस प्राध्यापक, आणि त्याही म्हणाल्या होत्या, "घरात कोणी नाही, हे दौऱ्यावर आहेत." एक म्हातारी म्हणाली होती, "आता कोणी नाही बाई, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन." तिथेही काकूंनी खूण केली होती. नेटकी, रेघेच्या आत. पतीला जाऊन दोन वर्षे झाली होती. जिवंत बाईला काकूंनी त्या दिवशी पोहोचवले. मग देशाचे मत म्हणून जे काय गेली तीस वर्षे वर जात होते, ते कोणाचे? दहा ते पाच या वेळात घरी सापडणाऱ्या पुरुषांचे. म्हणजे निवृत्त, आजारी, रात्रपाळीचे आणि बनियनवाले.

ज्या परमेश्वराच्या दारी मुंगीच्या पावलाचीही नोंद होते, त्याने या बायका घडवल्या, त्यांना श्वास दिला, घराचे दार उघडायला हात दिले. आणि काकूंनी त्यांना पुसून टाकले. तेही निष्ठेने, तेही मान खाली घालून, तेही एकसुद्धा चूक न करता.

बुधवारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि टेबलाच्या खणातून प्रशस्तिपत्र काढून समोर ठेवले.

"काकू, हे वाचा. एकही अर्ज सदोष नाही. आणि तुम्ही एकशे त्रेचाळीस अर्जांवर 'चूक माझी' असं लिहिणार? शेवटच्या आठवड्यात?"

"झाली आहे ना चूक, साहेब."

"नियमाप्रमाणे झालीय. नियमाप्रमाणे झाली की ती चूक नसते."

"नियम मीच लिहिलाय."

साहेब खुर्चीत मागे टेकले. ते वाईट नव्हते. चार मुलींचे बाप होते आणि हे ते प्रत्येक भाषणात सांगत. "मला सांगा, बायकांना विचारून नवीन काय मिळणार? घरच्यांचं जे मत, तेच सांगणार त्या."

"घरचे लोकांचं मत सांगतात साहेब. ते आपण घेतोच की."

साहेबांनी प्रशस्तिपत्र पुन्हा खणात ठेवले. "शुक्रवारी पाचच्या आत. आणि तुमच्या जबाबदारीवर."

काकू निघाल्या. तीच पिशवी, तेच पाय, तीच दारे.

"घरात कोणी नाही हो," ओल्या हातांची म्हणाली.

"तुम्ही आहात ना?"

"मी आहेच. मी कुठे जातेय."

"मग तुम्हालाच विचारते."

तिने मागे वळून पाहिले, आपल्यामागे कोणी उभे आहे की काय म्हणून. मग पदराला हात पुसले, परीक्षेला बसावे तशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "विचारा."

दुसऱ्या एका घरात बाईने प्रश्न पूर्ण ऐकला आणि आत तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. यांना माझं मत काय आहे ते सांगा."

कडेवर मूल असलेलीने विचारले, "पगार किती असतो हो तिला?" आणि उत्तराची वाट न पाहता 'हो' म्हणाली.

प्राचार्याबाईंनी काकूंना आत बसवले, पाणी दिले, समाजाच्या जडणघडणीवर दहा मिनिटे सुंदर बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मी वैयक्तिकरीत्या तयार आहे. पण लोक तयार नाहीत."

काकूंनी 'नाही'वर खूण केली. विचारायला आलेल्याने उत्तर दुरुस्त करायचे नसते.

सगळ्यांत शेवटी ती म्हातारी. तिने बराच विचार केला. "नको," ती म्हणाली. "एवढा मोठा देश दिवसभर सांभाळायचा आणि संध्याकाळी घरी येऊन भांडीपण तिनंच घासायची. नको गं बाई, बिचारीचे हाल होतील." मग काकूंच्या पायांकडे पाहून म्हणाली, "तू पण बस जरा."

काकू बसल्या. म्हातारीच्या 'नाही'इतके मायेचे 'नाही' त्यांनी तीस वर्षांत लिहिले नव्हते.

शुक्रवारी दुपारी त्यांनी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवले. एकशे अठरा बायका भेटल्या होत्या. एकसष्ट हो, चाळीस नाही, सतरा जणींना सांगता येत नव्हते. प्रत्येक अर्जावर काकूंच्या हातची ओळ: 'आधीची नोंद चुकीची. चूक माझी.' खाली सही.

साहेबांनी बेरीज पाहिली. "एवढं करून एकसष्ट?"

"मी त्यांच्याकडून हो वदवायला नव्हते गेले, साहेब. मोजायला गेले होते."

"प्रशस्तिपत्राचं काय करू?"

"ते वाक्य खोडा. कागद चांगला आहे, कशाला तरी होईल."

त्या घरी आल्या, पाय कोमट पाण्यात सोडून बसल्या. चार वाजता बेल वाजली. यजमानांनी दार उघडले. दुसऱ्या फेरीला आलेली तीच बाई. या वेळी घरात कोणी आहे का, हे तिने विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती, तो समोर उभा होता. तिने लगबगीने अर्ज उघडला.

"दादा, एकच प्रश्न आहे."

"माझं मत मंगळवारी न्हाव्याकडे देऊन झालं," यजमान म्हणाले. "ते काही कामाचं नाही. आमच्याकडची माहितगार व्यक्ती आत आहे. या."

ती आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि भराभर वाचू लागली, "आपला देश स्त्री राष्ट्राध्यक्ष..."

"सावकाश," काकू म्हणाल्या. "शब्दन् शब्द. पहिल्यापासून."

तिने पुन्हा वाचले, सावकाश, शब्दन् शब्द. हजारो दारांत काकूंनी स्वतः वाचलेला तो प्रश्न आज पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडत होता. तीस वर्षांत त्याचे उत्तर शोधायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पाणी निवत चालले होते. यजमान दाराला टेकून उभे होते.

"हो," काकू म्हणाल्या.

"म्हणजे ताई, तुम्ही तयार आहात, पण लोकांचं..."

"लोकांचं लोकांना विचारा. त्यांच्या घरी जाऊन. मिळाले तर मलाही कळवा."

ती हसली. पेन उचलले. आणि सवय किती जुनी असते पाहा, पेनाचे टोक आपोआप अर्जाच्या तळाशी गेले, शेवटच्या चौकटीवर टेकणार एवढ्यात काकूंनी पाण्यातून एक पाय काढला आणि पुढे वाकल्या.

"ती नाही," त्या म्हणाल्या. "वरून पहिली."