खिशातला ईमेल

निपाणीत खिशातून ईमेल पाठवणारा पहिला माणूस कोण, असं आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, माझंच नाव सांगतील. ते खरंच आहे. पण त्याच दुपारी माझ्या गच्चीवर काय झालं, ते माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — ते मलाही नीट कळत नाही.

आधी त्या यंत्राबद्दल बोलू द्या. मी तेव्हा पिकांवरच्या औषधांच्या कंपनीत होतो. निपाणीपासून खानापूरपर्यंतचे दुकानदार माझ्याकडं. कंपनीनं आमच्या भागात एकाच माणसाला ऑर्गनायझर दिला, तो मला. तळहातात मावेल एवढा, पडद्यावर काडीनं लिहायचं. आणि त्याच्या पाठीवर चढवायचा वायरलेस मोडेम — आत सिमकार्ड, बाजूला उभी करायची इवलीशी अँटेना. टक्‌ करून तो बसला, की पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या रेघा उगवायच्या. बांधावर उभं राहून ऑर्डर लिहायची, बटण दाबायचं, ऑर्डर बेंगळूरला! काकतीच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं तर मोडेम उलटापालटा करून विचारलं होतं, "तार न्हाय, काय न्हाय, मग जातंय कुठनं रं हे?"

मी शेतकऱ्याच्या घरातला, इंग्रजीत नापास होत होत पास झालेला. मोडेम जोडताना कंपनीच्या शिकल्यासवरल्या पोरांचं घोडं अडलं, तेव्हा मीच तो चालू करून दाखवला होता. गर्व होता का मला? होता. लई होता.

त्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरच्या वाटेवर, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या कोगनोळीत दुकानदारांचा मेळावा होता. बेंगळूरहून मोठे साहेब येणार होते, आणि भर सभेत मी यंत्रातून ऑर्डर पाठवून दाखवायची होती. सकाळपासून लाईट नव्हती. मोडेमची बॅटरी वेगळी, ती भरायची राहिली होती. आणि दुपारी हॉटेलात चारचौघांना दाखवण्याच्या नादात मी होती तीही निम्म्याहून जास्त संपवली. एकदा पाठवण्यापुरती उरली असेल, फार तर दोनदा. कुणी सांगावं?

घरी येऊन मी गच्चीवर रेंज बघत होतो, तेवढ्यात मेघा जिना चढून वर आली.

मेघा म्हणजे शेजारच्या बाळूअण्णांची थोरली. अण्णांचं भांड्यांचं दुकान. पोरगी रसायनशास्त्रात हुशार. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती, पण होकार ईमेलनं कळवायचा होता, आणि त्या संध्याकाळपर्यंतच. नाहीतर जागा दुसऱ्याला. अण्णा पोरीला एवढ्या लांब धाडायला तयार नव्हते. आदल्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं होतं. शेवटी त्या दुपारी अण्णा "जा" म्हणाले — आणि ती पळत सायबर कॅफेत गेली, तर गावातले सगळे फोन बंद. हायवेच्या कामात केबल तुटली होती.

"काका, एकच ओळ पाठवायची हाय. रेंज हाय का?"

यंत्र माझ्या हातात होतं. मोडेम चढवलेला, अँटेना उभी. मी पडद्याकडं बघितलं. अगदी नीट बघितलं. मग म्हणालो, "न्हाय गं मेघा. सकाळपास्नं रेंजच न्हाय."

तिनं पडदा बघायला मागितला नाही. का मागेल? काका सांगतोय म्हटल्यावर झालं. "मग कोल्हापूर गाठते," म्हणाली आणि स्टँडकडं धावली.

मागाहून मी कंपनीच्या जीपमधून निघालो. कोगनोळीच्या अलीकडं रस्ता खणून ठेवलेला, गाड्यांची रांग लागलेली. आमच्या ड्रायव्हरनं जीप कडेच्या मातीतून पुढं काढली. रांगेत एस्ट्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीत ती असणार, हे मला कळत होतं. जीपमध्ये जागा होती. खिशात यंत्र होतं. मी काय केलं? ड्रायव्हरला म्हणालो, "चल, साहेब येऊन बसले असतील."

मेळाव्यात मी ऑर्डर पाठवली. साहेबांचा मोबाईल वाजला, बेंगळूरच्या ऑफिसातून ऑर्डर मिळाल्याचा फोन आला, आणि हॉलमध्ये जो टाळ्यांचा कडकडाट झाला! साहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. पुढं बढती मिळाली, ती त्याच दिवसामुळं.

मेघा कोल्हापुरात पोचली तेव्हा दिल्लीचं ऑफिस बंद झालं होतं. तिनं तरी ईमेल पाठवला, दुसऱ्या दिवशी फोनही केला. जागा गेली होती. त्या रात्री ती परतली तेव्हा मी हार घालून दारात उभा होतो, गल्ली गोळा झालेली. माझ्याकडं बघून ती हसली. थकलेली होती, तरी हसली.

"रेंज मिळाली व्हय काका?"

"व्हय गं," मी म्हणालो. "तिकडं महाराष्ट्राचा टॉवर लागतोय."

हे मला आयत्या वेळी सुचलं. आणि कसं झकास सुचलं, असं — खोटं कशाला बोलू — तेव्हा मनात आलंही.

गच्चीवर पडद्यावर सगळ्या रेघा होत्या. एकही कमी नव्हती. बॅटरीनं दगा दिला असता, तर फार फार काय, सभेत माझी फजिती झाली असती. एवढंच. आणि हॉलमध्ये ऑर्डर पाठवून झाल्यावरही मोडेम चालूच होता. मी घरी येऊन आणखी दोघांना दाखवला.

मेघा पुढं धारवाडला शिकली. आता बेळगावात कॉलेजात शिकवते, अनगोळात घर बांधलंय. मध्यंतरी वास्तुशांतीला गेलतो. पंगत बसली होती. तिनं तिच्या कॉलेजातल्या लोकांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे काका. गल्लीत कुणाकडं मोबाईलसुद्धा नव्हता तेव्हा ह्यांच्या खिशात ईमेल होता." ते लोक म्हणाले, सांगा की, कसं होतं ते. आणि मी सांगितलं. यंत्र, अँटेना, साहेबांचा फोन, टाळ्या, हार, सगळं रंगवून. मेघा माझ्या पानात श्रीखंड वाढत होती. गच्चीचा भाग तेवढा गाळला.

लोक वा वा म्हणाले. माझी छाती फुगली. तिच्यासमोर, तिच्याच घरात, मला अभिमान वाटत होता. आत्ता हे सांगतानाही वाटतोय.