भोंगा झाल्यावर खाली ठेवलेली भांडी

घरामागचा डोंगर फोडायला लागले तेव्हापासून आईला एक सवय जडली. दुपारी खाणीवरचा भोंगा वाजला की ती मांडणीवरची सगळी भांडी जमिनीवर उतरवायची. मग सुरुंग उडायचे, भिंती हलायच्या. धूळ बसली की भांडी पुसून पुन्हा वर.

त्या दुपारी बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारातली रात्रपाळी करून झोपले होते. आईने भांडी उतरवली. दमलेल्या माणसाला उठवलं नाही. दगड पत्रा फोडून आत आला. बाबा झोपेतच गेले. खाणवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी नवा पत्रा बसवून दिला. भोंगा चालूच राहिला.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी हट्ट धरला म्हणून मी कलेची पदवी घेतली. पनवेलच्या प्रदर्शनात जागा मिळाली तीही त्यांच्याच शब्दामुळे. तिथे मी चित्र लावलं नाही. रिकामी मांडणी उभी केली, घरातली जुनी भांडी खाली ठेवली, मधे बाबांची चटई अंथरली. मागच्या भिंतीवर खाणीचं नाव लिहिलं.

आईला दाखवायला आणलं तेव्हा मी घाबरले होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसून तिने एक तांब्या चटईपासून दूर सरकवला.

"इतक्या जवळ नाय ठेवलेला. त्यांच्या हाताला लागला असता."

ती घरी परतली, आणि दुसऱ्या दिवशी खाणीकडून एक माणूस प्रदर्शनात आला. त्याने चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, कामाचं कौतुकही केलं. मग म्हणाला, "ताई, नाव तेवढं पुसून टाका. मावशी तिथं एकट्याच असतात ना?"

मी फोनवर आईला सगळं सांगितलं. नाव पुसते, नाहीतर तू माझ्याकडे राहायला ये, म्हटलं. ती म्हणाली, "तू पुसू नको. आनि मी घर सोडनार नाय, बाय."

मी पुसलं नाही. रोज भोंग्याच्या वेळी फोन लावते. आधी भांडी उतरवल्याचा आवाज येतो, मग दगड येताना दिसावा म्हणून ती अंगणात येते, आणि सुरुंग उडेपर्यंत आम्ही काहीबाही बोलत राहतो.

आज भांडी वाजली, पण ती अंगणात आली नाही.

"दारात कोनतरी उभा हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "बाहेर जाऊ देत नाय."

मागे भोंगा वाजत होता.